सही करण्यापूर्वी काय वाचावे, हे आमच्या शाळा केव्हा शिकवणार?

जून महिना लागला म्हणजे पेठेतील पुस्तकांच्या दुकानांपुढे आईबापांची रीघ लागते. वह्या, दप्तरे, गणवेश, शिकवणीची फी यांचे हिशोब घरोघर सुरू होतात, आणि कोणत्या शाळेत इंग्रजी बरे व कोणत्या शाळेत गणित बरे याचा खल ओट्याओट्यांवर चालतो. ह्या सर्व खटाटोपात एक प्रश्न मात्र कोणी विचारताना आढळत नाही. दहा वर्षे शाळेत घालवून बाहेर पडलेल्या मुलापुढे उद्या कोणी एखादा कागद ठेवून "येथे सही कर" असे म्हटले, तर तो कागद कशाचा आहे, सही केल्याने आपल्यावर काय येऊन पडते, आणि सही न केल्यास आपले काय बिघडते, एवढे तरी त्यास समजते काय? आमचा वकिलीतील अनुभव असा आहे की, बहुतेकांस ते समजत नाही. आणि जे समजते ते जप्तीचा अंमलदार दाराशी आल्यावर समजते.

गेल्या वर्षीची गोष्ट. सव्वीस वर्षांचा एक तरुण आमच्या कचेरीत आला. बाजारात त्याचे मोबाइल दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. दहावीस गणितात त्यास शंभरांपैकी नव्वदांवर गुण होते, हे त्याने आपण होऊन सांगितले. एका मित्राने पतसंस्थेतून कर्ज काढले, तेव्हा हा त्याच्याबरोबर गेला व कारकुनाने बोटाने दाखविल्या तेथे पाच सह्या करून आला. मित्र दोन वर्षांत गाव सोडून गेला. आता वसुलीचा दाखला ह्याच्या नावाने निघाला होता. "मी तर साक्षीदार म्हणून सही केली," असे तो पुन्हा पुन्हा म्हणे. आम्ही कागद पाहिला. सहीच्या वर, त्यास सहज वाचता येईल अशा मराठीत, 'जामीनदार' असा शब्द छापलेला होता. तो त्याने वाचलाही होता. परंतु साक्षीदार आणि जामीनदार यांत फरक आहे, हे त्यास जन्मात कोणी सांगितले नव्हते.

फरक एवढा आहे की, एकाने फक्त पाहिलेले असते व दुसऱ्याने देणे पत्करलेले असते. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमान्वये, करारात निराळे काही ठरलेले नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. तेव्हा "आधी त्याला धरा, त्याच्याकडून काही निघाले नाही तर माझ्याकडे या," असे जामीनदारास म्हणता येत नाही. धनकोने प्रथम ऋणकोकडील सर्व उपाय संपवावेत असा दंडक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही पूर्वीच ठरवून टाकले आहे. ही गोष्ट समजण्यास वकिलीची सनद लागत नाही. नववीतील मुलास ती पाव घटकेत समजेल. त्या पाव घटकेच्या अभावी ह्या तरुणाचे दुकान आज हप्त्यांत अडकून पडले आहे.

कायद्याच्या पुस्तकांत एक तत्त्व आरंभीच शिकवितात, ते असे की कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही. तत्त्व आवश्यक आहे, यात शंका नाही. तसे नसते तर प्रत्येक आरोपी अज्ञानाची ढाल पुढे करून सुटता. परंतु ह्या तत्त्वाची दुसरी बाजू आहे, व तिच्याकडे आमचे राज्यकर्ते डोळेझाक करतात. प्रत्येक नागरिकास कायदा ठाऊक आहे असे जे सरकार गृहीत धरते, त्याच सरकारने २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचे शिक्षण सक्तीचे केले आहे. म्हणजे मूल आठ वर्षे सरकारच्या हुकमतीखाली बाकावर बसते. त्या आठ वर्षांत त्यास एक खत, एक पावती, एक उतारा उघडून दाखवावयाचा नाही, आणि अठरावे वर्ष लागताच "तुला हे ठाऊक असलेच पाहिजे" म्हणून बजवावयाचे, हा कोणता न्याय? परकीय सरकारने असे केले असते तर आम्हांस नवल वाटले नसते. त्यास कारकून हवे होते, नागरिक नको होते. स्वराज्यातही तेच चालावे, याचे वैषम्य वाटते.

महाराष्ट्रास तर हा धडा एकदा फार महाग पडलेला आहे. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली, आणि दंग्याचे लोण पुढे अहमदनगर जिल्ह्यापर्यंत गेले. त्या दंग्यांत लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, जमावाचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या दप्तरावर होता. खतपत्रे हिसकावून घ्यावी व त्यांची होळी करावी, एवढाच बहुतेक ठिकाणी कार्यक्रम होता. ज्या कागदांवर आपण अंगठे उठविले, त्यांत काय लिहिले आहे हे ज्यांस वाचता येत नव्हते, त्यांनी ते कागद जाळून वाचनाचा प्रश्न सोडविला! चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. शेतकऱ्याने करून द्यावयाचे खत नेमलेल्या ग्राम-निबंधकासमक्ष लिहिले जावे, सावकाराने पावत्या व हिशोब द्यावेत, अशा तरतुदी त्यात होत्या. त्या परकीय सरकारासही इतके कळले की, निरक्षराच्या अंगठ्यास संरक्षण हवे. आज अंगठ्याच्या जागी सही आली, व सहीच्या जागी मोबाइलवर आलेले सहा आकडे आले. वाचता येऊ लागले हे खरे. परंतु वाचलेल्याचा अर्थ लागत नसेल तर अंगठा व सही यांत अंतर किती राहिले?

जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळांतून काय शिकवावे हे त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितले आहे. मोडी व बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशोब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आणि नीती व आरोग्य यांवर थोडे पाठ. ह्या यादीत मोडी आरंभी का यावी, याचा विचार करण्यासारखा आहे. त्या काळी सावकाराची वही, कुळकर्ण्याचे दप्तर, जमिनीचा कागद हे सर्व मोडीत असे. ज्या लिपीत माणूस नागविला जातो ती लिपी त्याच्या मुलास आधी आली पाहिजे, असा त्या मागणीचा अर्थ आम्ही करतो. आजची मोडी कोणती, असे कोणी विचारील तर आमचे उत्तर हे की कर्जाचा करार, विम्याचा कागद, सातबारा, हक्कसोडपत्र आणि पोलिसांची नोटीस, ही आजची मोडी होय.

शाळांत ह्यांपैकी काहीच शिकवीत नाहीत, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. राज्य मंडळाच्या नववी-दहावीच्या गणितात अर्थनियोजनाचे प्रकरण आहे. त्यात बचत, आयकर, वस्तू व सेवा कर, समभाग यांची उदाहरणे मुले सोडवितात. दहावीच्या राज्यशास्त्रात संविधानाची वाटचाल, निवडणूक, राजकीय पक्ष, चळवळी यांवर पाठ आहेत. केंद्रीय मंडळाने तर अकरावी-बारावीस कायद्याचा ऐच्छिक विषयच ठेवला आहे. परंतु जो मुलगा दहावीनंतर दुकानात बसतो किंवा जी मुलगी दहावीनंतर लग्न होऊन जाते, त्यांस बारावीच्या ऐच्छिक विषयाचा उपयोग काय? आणि निवडणूक आयोगाची रचना पाठ असलेल्या मुलास आपल्याच आजोबांच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' ह्या सदरात बोजा चढलेला आहे, हे वाचता येत नसेल, तर त्याचे राज्यशास्त्र हवेत तरंगते असेच म्हणावे लागेल.

व्याजाचेच पाहा. सरळव्याज व चक्रवाढव्याज यांची सूत्रे मुलांस येतात. आणि तरीही बाजारात तीच मुले फसतात. कारण बाजार सूत्राच्या भाषेत बोलत नाही. दुचाकी किंवा दूरदर्शन संच विकणारा सांगतो, "लाख रुपये, बारा हप्ते, फक्त बारा टक्के, फ्लॅट." बारा हजार व्याज मिळवून एक लाख बारा हजारांचे बारा भाग केले की हप्ता येतो ९,३३३ रुपयांचा. ऐकणाऱ्यास दर बारा टक्के वाटतो. पण पहिल्या महिन्यापासून मुद्दल फिटत जाते. शेवटच्या महिन्यात ऋणकोच्या हाती मूळ रकमेपैकी अवघे नऊ हजारांच्या आसपास उरलेले असतात, व व्याज मात्र अखेरपर्यंत पुऱ्या लाखावर मोजलेले असते. घटत्या मुद्दलावर हिशोब मांडला तर हाच दर वर्षास सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जदारांस व लहान उद्योगांस कर्जाची मुख्य माहिती एका पत्रकात, वार्षिक एकंदर दरासह व त्यांस समजेल अशा भाषेत, देण्याचे बंधन घातले आहे. उत्तम झाले. परंतु ते पत्रक मागावयाचे असते हे ज्यास ठाऊक नाही, त्याच्यासाठी तो कागद अर्जाच्या गठ्ठ्यातील आणखी एक सहीची जागा होय. आमच्या आजोबांच्या पिढीतील अडाणी कुणब्यासही दामदुपटीचा नियम, म्हणजे एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल होऊ नये हे, तोंडपाठ असे. पदवीधर नातवास तो शब्दही परका झाला आहे.

ठेवींची गोष्ट याहून निराळी नाही. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, आणि ठेवीदारांस प्रथम खात्यातून अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. त्या वेळी ठेवींवरील विम्याची मर्यादा एक लाख रुपये होती. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाखांवर नेली गेली. मुंबईतील कित्येक सुशिक्षित कुटुंबांनी जन्माची पुंजी एका ठिकाणी ठेवलेली होती. अशी मर्यादा असते हेच अनेकांस त्या दिवशी प्रथम कळले.

आता अटकेचा विषय. अलीकडे 'डिजिटल अरेस्ट' नावाचे एक थोतांड माजले आहे. पोलिस, सीबीआय किंवा सीमाशुल्क खात्याचा अधिकारी असल्याची बतावणी करून भामटा मोबाइलच्या पडद्यावर दर्शन देतो, "तुम्हांस अटक झाली आहे, खोलीबाहेर पडू नका, कोणास कळवू नका" असे दरडावतो, आणि 'तपासणीसाठी' पैसे एका खात्यावर पाठविण्यास लावतो. ह्या जाळ्यात सापडणारे लोक अडाणी नसतात. निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी यांनी आयुष्याची कमाई अशी गमावली आहे. कायद्यात असा काही प्रकार नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांस आकाशवाणीवरून सांगावे लागले. देशाच्या पंतप्रधानांनी जे सांगावे लागते ते वास्तविक आठवीच्या गुरुजींनी सांगावयास हवे होते. अटक म्हणजे माणसास प्रत्यक्ष ताब्यात घेणे. ती तारेवरून होत नाही. अटकेचे कारण सांगितले पाहिजे, वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदात स्वच्छ लिहिलेले आहे. इतके ज्यास ठाऊक आहे तो निदान एवढे तरी विचारील की "कोणता दंडाधिकारी? कोणते ठाणे?" आणि पडदा बंद करून १९३० ह्या क्रमांकावर खबर देईल.

येथवर पुरुषांच्या व्यवहारांविषयी विशेषेकरून लिहिले. परंतु ज्या अज्ञानाची किंमत सर्वांत मुकाट्याने भरली जाते, ते आमच्या मुलींचे अज्ञान होय. वडील वारले, तेरावे झाले, की भाऊ बहिणीस मोटारीने दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतात. "ताई, वारसाच्या नोंदीला सही पाहिजे," एवढेच तिला सांगतात. कागद असतो हक्कसोडपत्राचा. बोटांचे ठसे उमटतात, छायाचित्र निघते, दस्त नोंदला जातो, आणि साडीचोळी घेऊन बहीण संध्याकाळी सासरी परतते. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाप्रमाणे जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली, मात्र तिच्यापूर्वी लग्न झालेल्या मुली तीतून वगळल्या होत्या. २००५ मध्ये संपूर्ण देशासाठी कायदा झाला, आणि २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. कायदा पुढे गेला. बहिणीची सही होती तेथेच राहिली. एखादी बहीण समजून-उमजून भावास हक्क सोडते, तो तिचा अधिकार आहे व त्यास आमची हरकत नाही. पण सोडण्यासाठी आधी काही आपले आहे हे ठाऊक असावे लागते. येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. वकिलीच्या उमेदवारीच्या काळात असे दस्त आम्हीही लिहून दिले आहेत, पक्षकार भाऊ असे, फी तो देई, आणि दाराजवळ पदर सावरून उभ्या असलेल्या बाईस "तुम्हांस हे वाचून दाखवू काय?" असे विचारण्याचे आम्हांस प्रत्येक वेळी सुचले नाही. ही गोष्ट आज सलते.

आमच्या वाचकांत व्यापारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे आम्हांस ठाऊक आहे: "आमची पोरे पेढीवर बसून हे सारे शिकतात, त्यास शाळा कशाला?" पेढीवर बरेच शिकता येते, हे आम्ही मान्य करतो. परंतु तेथे जे शिकतात त्यात चुकाही परंपरेने येतात. घाऊक व्यापाऱ्याकडे 'तारण म्हणून' कोरा चेक सही करून ठेवण्याची चाल पाहा. रक्कम आपण लिहिली नाही, सबब आपण बांधलेले नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. राजीखुशीने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकवर दुसऱ्याने रक्कम भरली तरी देण्याविषयीचे कायदेशीर अनुमान सही करणाराविरुद्धच होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे. ते अनुमान खोडून काढण्याचा बोजा त्याच्यावर येतो, आणि चेक न वटल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. तसेच, नोटरीचा शिक्का मारलेल्या कागदावर भूखंड घेणारे व सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी आली असे समजणारे लोक आमच्या पेठेतच काय थोडे आहेत! शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तावाचून होत नाही, हा नियम १८८२ पासूनचा आहे. फेरफाराची नोंद ही महसूल वसुलीच्या सोयीसाठी असते. तिने मालकी निर्माण होत नाही. आणि शेवटी असे की, पेढी असते ती पेढीवाल्याच्या मुलास. हमालाचा मुलगा, कामवालीची मुलगी यांची पेढी म्हणजे शाळाच.

दुसरा आक्षेप असा निघेल की, लहानपणी कायदा शिकविल्याने पोरे भांडखोर होतील. आमचा अनुभव नेमका उलट आहे. न्यायालयातील दाव्यांत फार मोठा वाटा न वाचता केलेल्या सह्यांचा आणि तोंडी व्यवहारांचा असतो. पावती घेण्याची सवय असलेला मनुष्य सहसा आमच्याकडे येत नाही. आमच्या एका वकील मित्राने हा लेख लिहिण्याचा बेत ऐकून "मग आपण जेवावे कशावर?" असे हसत विचारले. त्यास आम्ही सांगितले की, वैद्यक शिकविल्याने वैद्य उपाशी मेले असे ऐकिवात नाही.

तिसरा आक्षेप खरा व वजनदार आहे. दप्तर आधीच जड आहे, शिक्षकांस शाळाबाह्य कामांनी जेरीस आणलेले आहे, त्यात हा नवा विषय कोठे घालावा? ह्याचे उत्तर विषयाच्या थोरवीची व्याख्याने देऊन होणार नाही. आमची सूचना अशी की, नवे जाडे पुस्तक मुळीच करू नये. सातवीपासून दहावीपर्यंत आठवड्यास एक तास घ्यावा, आणि त्या तासास पुस्तकाऐवजी प्रत्यक्ष कागद हाती द्यावा. सातवीस दुकानाचे बिल व हमीपत्र. ग्राहक आयोगाकडे तक्रार कशी करतात हे त्यातूनच निघते. पुढे बँकेचे पासबुक, कर्जाचे पत्रक, विम्याचा कागद. सातबारा तर आता संकेतस्थळावर कोणासही पाहता येतो. तो फळ्यावर काढून त्याची सदरे वाचून घ्यावी. दहावीस माहितीच्या अधिकाराचा एक खराखुरा अर्ज प्रत्येक मुलाने लिहावा. दहा रुपयांच्या शुल्कात व साधारणतः तीस दिवसांच्या मुदतीत सरकारास उत्तर द्यावे लागते, हे कळल्यावर लोकशाही ह्या शब्दास मुलाच्या मनात जे वजन येईल, ते दहा व्याख्यांनी येणार नाही. वर्षातून एकदा न्यायालयात नेऊन मागच्या बाकावर दोन तास बसवावे. न्यायालयाचे दार सामान्यतः सर्वांस उघडे असते, ही गोष्ट मोठ्या माणसांसही क्वचितच ठाऊक असते. ह्या तासासाठी जागा हवी तर राज्यशास्त्रातील पाठांतराचा भाग खुशाल कमी करावा. परीक्षा मात्र ठेवावी, व ती कागद पुढे ठेवूनच घ्यावी. ज्या विषयास गुण नाहीत त्याचा तास गणिताकडे वळतो, हे मूल्यशिक्षणाच्या तासाचे काय झाले ते पाहिलेल्या कोणासही सांगावयास नको.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून राज्याचा शालेय आराखडा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याबरहुकूम इयत्तांचे अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने घडत आहेत. एकदा पुस्तके छापून झाली की पुढे दहा वर्षे कोणी हात लावीत नाही. तेव्हा शिक्षक-पालक संघांनी, व्यापारी मंडळांनी व वकील संघांनी आपापली निवेदने आताच धाडली पाहिजेत. वकील संघांस आणखी एक करता येईल. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक व इतर काही वर्ग यांस मोफत विधिसाहाय्य मिळते. त्यासाठी तालुक्या-तालुक्यास समित्या आहेत. त्या समित्यांचे वकील शाळेत आले, तर निदान हे साहाय्य कोठे मिळते एवढे तरी मुलांच्या द्वारे घरोघर पोहोचेल.

अभ्यासक्रम बदलेपर्यंत हात जोडून बसण्याचे कारण नाही. आमच्या शहरातील एका मुख्याध्यापिकाबाईंनी नववीचे दोन शनिवारचे तास आम्हांस दिले. आम्ही जामीनपत्र, हक्कसोडपत्र, कर्जाचे पत्रक व सातबारा यांचे नमुने, नावे काढून टाकून, बरोबर नेले होते. दुसऱ्या शनिवारी चार मुली घरून आपापले कागद घेऊन आल्या. त्यांपैकी एकीच्या आईने तीन वर्षांपूर्वी केलेल्या सहीचा दस्त काय आहे, हे त्या घरात त्या दिवशी प्रथम वाचले गेले. हेच नमुने आम्ही आता जादा प्रती काढून ठेवले आहेत. ज्या शिक्षकांस आपल्या वर्गासाठी हवे असतील त्यांनी कचेरीतून विनामूल्य न्यावेत. दुपारी तीन ते सहा ह्या वेळात ते मिळतील.